‘एच’ किती टाकू, काका?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. मागच्या अंकात पॅनेल, म्हणजे विजेच्या सामानाचे पत्र्याचे डबे, उन्हाळ्यात दुपारी तीनलाच का ट्रिप होतात यावर मी सहज दोन ओळी लिहिल्या आणि महिनाभर तीच पत्रं, म्हणजे बाकी सगळं बाजूला ठेवून हा अंक हवेलाच दिला, ती उष्णता कशी नेते आणि ते कॉम्प्युटरवर कसं मांडायचं याला. बडोद्यात पारा ४२ ला टेकलाय, माझ्याकडे कूलरची मोटर बसलीय, तेव्हा विषय तसा बरोबरच आहे.

प्रश्न : काका, मी मकरपुरा जीआयडीसीत एका छोट्या पॅनेल कंपनीत डिझाइनला आहे. ६०० बाय ८०० बाय २५० मिमीचा बंद डबा, भिंतीला लावायचा, आत एक ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) आणि बाकी सटरफटर मिळून १२० वॉट उष्णता, बाहेर ४२ डिग्री. सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर बाहेरच्या पत्र्यासाठी हीट ट्रान्सफर कोएफिशियंट, म्हणजे ‘एच’, मागतंय : एक चौरस मीटर पत्रा हवेपेक्षा एक डिग्री गरम असताना किती वॉट सोडतो तो आकडा. आमचे सर म्हणतात ५ टाक, व्हिडिओत १० सांगतात, रूममेट म्हणतो २५. तिन्ही टाकून बघितले, तीन वेगळी उत्तरं आली. खरा ‘एच’ किती?

उत्तर : तुझी तिन्ही उत्तरं मी इथे खुर्चीत बसून सांगतो, बघ जुळतात का. पत्र्याचं सरासरी तापमान ५ ला साधारण ६५, १० ला ५४ आणि २५ ला ४७. आलं ना? यात जादू काही नाही, मागची बाजू भिंतीला आणि तळ सोडला तर तुझ्या डब्याला १.०३ चौरस मीटर पत्रा उरतो, १२० ला एच गुणिले १.०३ ने भाग आणि ४२ मिळव, झालं. म्हणजे चार तास मेश करून, डब्याचे बारीक तुकडे पाडून, सॉफ्टवेअरने तुला तेच सांगितलं जे तू त्याच्या कानात सांगितलं होतंस.

असंय, की एच हा हवेचा गुण नाही. घनता विचार, हवेची सांगता येते, ४२ डिग्रीला १.१२ किलो घनमीटरला. एच तसा सांगता येत नाही, कारण तो पत्र्याची उंची किती, पत्रा हवेपेक्षा किती गरम, हवा स्वतःहून वर चाललीय का कोणी ढकलतंय, यावर बदलतो, त्याच डब्याचा सकाळी एक आणि दुपारी एक. न्यूटनने १७०१ मध्ये एवढंच म्हटलं होतं की वस्तू किती भराभर निवते ते तापमानाच्या फरकावर जातं, मधला आकडा नंतरच्या लोकांच्या गळ्यात पडला. म्हणून पुस्तकात हवेच्या नॅचरल कन्व्हेक्शनला (गरम हवा आपोआप चढते ते) २ ते २५ आणि फोर्स्डला (फॅन ढकलतो ते) २५ ते २५० अशी ढगळ रेंज दिलेली असते. आता २ ते २५ म्हणजे बारा पट फरक, त्यातून आकडा उचलणं म्हणजे खंडेराव मार्केटमध्ये डोळे मिटून भाजी घेणं.

तर मग हाताने काढ, पाच मिनिटांचं काम आहे. उभ्या प्लेटचं नेहमीचं सूत्र घे, उंची ०.८ मीटर, पत्रा आणि हवा यात ११ डिग्री फरक धर. रॅले नंबर, म्हणजे हवेची वर चढायची ओढ तिला अडवणाऱ्या गोष्टींच्या किती पट, येतो साधारण ३८ कोटी, १०० कोटींच्या खाली आहे म्हणजे हवा शहाण्यासारखी लॅमिनार, न घुसळता थराथराने, चढतेय, त्याचं चौथं मूळ काढून ०.५९ ने गुणलं की नसेल्ट नंबर ८२ (हलती हवा स्थिर हवेच्या किती पट उष्णता नेते तो), आणि त्यावरून एच निघतो २.९. हो, तीनपण नाही! आता तुला वाटेल सरांचं पाचसुद्धा जास्तच होतं, पण थांब, अजून रेडिएशन, म्हणजे हवेशिवाय किरणांनी जाणारी उष्णता, घेतलंच नाहीये. पावडर कोटिंगची एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता फेकतो, जास्तीत जास्त १) ०.९ च्या आसपास असते, ५३ डिग्रीचा पत्रा ४२ च्या भिंतींकडे जेवढं फेकतो ते एचच्या भाषेत ६.७ होतं. बेरीज ९.६. म्हणजे तुझ्या डब्यातून बाहेर जाणाऱ्या उष्णतेतला दोन तृतीयांशाहून जास्त भाग हवा नेतच नाहीये, तो रेडिएशनने चाललाय, आणि बहुतेक जण सॉफ्टवेअरमध्ये तो टिकमार्कच करत नाहीत कारण ‘इतक्या कमी तापमानाला रेडिएशन कुठलं’ असं कॉलेजात कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं. ते फोर्स्डला चालतं. नॅचरलला चालत नाही. रेडिएशन बंद ठेवून हाच डबा चालवलास तर पत्रा ७३ दाखवेल आणि तू उगाच मोठा डबा कोट करशील आणि ऑर्डर घालवशील.

आता गंमत बघ. व्हिडिओतला १० बरोबर आहे, पत्र्यापासून बाहेरच्या हवेपर्यंत. आणि तुमच्या सरांचा ५ पण बरोबर आहे, फक्त तो आतल्या हवेपासून बाहेरच्या हवेपर्यंतचा आहे! आतून पत्र्याकडे जाताना तेवढाच अडथळा पुन्हा लागतो, दोन अडथळे एकापाठोपाठ एक म्हणून एकूण अर्धा, पॅनेलच्या धंद्यात लोखंडी पत्र्याला ५.५ धरतात तो हाच. त्याने आतली हवा २१ डिग्री वर, म्हणजे ६३. सरांनी ही कामं कॅल्क्युलेटरवर केलीत, त्यांचा आकडा तू चुकीच्या जागी टाकलास एवढंच. रूममेटला मात्र चहा पाजून गप्प कर.

मग मॉडेल कसं करायचं? तुझ्या कामाला बाहेरची खोली मॉडेलमध्ये घ्यायची गरज नाही. बाहेरच्या पत्र्यावर एच ३ आणि त्याच बाउंड्रीवर (मॉडेलच्या कडेवर) रेडिएशन ०.९ दे, किंवा सरळ ९.६ देऊन रेडिएशन बंद ठेव, पण दोन्ही एकदम नको, ९.६ पण आणि वर रेडिएशन पण असं केलेलं मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय आणि तो पॅनेल कागदावर फारच गार होता. आत मात्र हवा खरीखुरी सोड, ग्रॅव्हिटी चालू, आतलं रेडिएशन चालू, कारण ड्राइव्हच्या वर जी गरम हवा साचते ती तुला कुठलाही एच सांगणार नाही. आणि ग्रॅव्हिटीची दिशा बघून घे रे बाबा. माझ्या पहिल्या नोकरीत कॅडवाल्याने मॉडेल झोपवून दिलेलं, मी वाय अक्षावर उणे ९.८१ टाकलं, दोन दिवस सगळे ते रंगीत चित्र बघून खूश, मग एका हेल्परने विचारलं, “साहेब, गरम हवा दरवाजाकडे का चाललीय?” मी त्या दिवशी जेवलो नाही.

जाता जाता, रंगाचं. नेहमीचा आरएएल ७०३५ या रंगक्रमांकाचा फिकट ग्रे आणि काळा यात शेडच्या आत काही फरक पडत नाही, या तापमानाला दोघांची एमिसिव्हिटी तेवढीच. उन्हात ठेवलास तर काळा मार खातो. आणि डबा भट्टीसमोर किंवा तापलेल्या पत्र्याच्या भिंतीजवळ असेल तर ४२ च्या भिंती हे गृहीतकच गेलं, मग रेडिएशन उलटं आत येतं.

प्रश्न : आमच्या पॅनेलला आम्ही १२० मिमीचा फॅन लावला, वाघोडिया रोडच्या साइटवर. लेबलवर १६० घनमीटर तासाला लिहिलंय तेच इनलेटला दिलं, सिम्युलेशन म्हणतं आत ४५ डिग्री, प्रत्यक्षात मीटर ५६ दाखवतो. उष्णता तीच १२० वॉटच्या आसपास. फॅन आहे म्हणून ग्रॅव्हिटी बंद ठेवली होती, ते चालतं ना?

उत्तर : नाही चालत, पण ते नंतर.

आधी फॅन. लेबलवरचा आकडा हा फॅन हातात मोकळा धरल्यावरचा आहे. त्याच्यापुढे फिल्टर, मग लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची जाळी), मग वायरिंगचा गुंता, बाहेर पडायला परत फिल्टर, हे सगळं लागलं की फॅन दबतो. १२० मिमीच्या अ‍ॅक्सियल फॅनमध्ये दाबायची ताकद फार नसतेच. म्हणून इनलेटला फ्लो टाकायचाच नाही, फॅन कर्व्ह टाकायचा, दाब आणि फ्लो यांचा जो वक्र कॅटलॉगमध्ये शेवटच्या पानावर असतो तो, आणि फिल्टरला त्याचा प्रेशर ड्रॉप (दाबाची घट) द्यायचा, मग दोघं जिथे भेटतात तो फ्लो सॉफ्टवेअर स्वतः शोधतं. फ्लो तू दिलास तर फॅन हा फॅन राहतच नाही, तो देव होतो, समोर भिंत बांधली तरी १६० देणारच.

उलटा हिशोब पण करून बघ : बडोद्याच्या हवेला ३.१ गुणिले वॉट भागिले डिग्री, उत्तर घनमीटर तासाला. १२० वॉट आणि तुझी ५६ वजा ४२ म्हणजे १४ डिग्री, येतात २७ च्या आसपास. पत्र्यातून जाणारं सोडून दिलं तरी तुझा १६० चा फॅन ३० पण धड देत नाहीये असा त्याचा अर्थ. फिल्टर काढून उन्हात धर, आरपार दिसतंय का बघ. माझी पैज आहे दिसणार नाही. आणि एक उदबत्ती लाव आणि लूव्हरजवळ फिरव. एका ठिकाणी, कंपनीचं नाव नको, फॅन आणि आउटलेट दोन्ही वरच्या बाजूला शेजारी शेजारी दिलेले, धूर फॅनमधून आत गेला आणि एका वितीवरून बाहेर आला, खालचा ड्राइव्ह बिचारा तसाच उकडत होता. ते मीटरला कळलं नसतं, धुराला कळलं. थंड हवा खालून आत, गरम वरून बाहेर, म्हणजे हवेला जिकडे जायचंय तिकडेच फॅन ढकलतो.

आता ग्रॅव्हिटी. ‘फॅन आहे म्हणजे फोर्स्ड’ असं आपण बोलतो पण हवेला विचारलं पाहिजे. समज फिल्टर साफ केलास आणि ४७ घनमीटर मिळायला लागले, म्हणजे ८ डिग्रीच वाढ. तो फ्लो ६०० बाय २५० च्या पॅनेलमधून वर चाललाय, वेग काढ, सेकंदाला ९ सेंटिमीटर! मुंगी नाही पण फार जोरात पण नाही. यावर रिचर्डसन नंबर म्हणून एक आकडा असतो, वर तरंगायची ओढ भागिले ढकलायचा जोर असं समज, ०.१ च्या खाली असेल तर ग्रॅव्हिटी विसर, १० च्या वर असेल तर फॅन विसर. तुझ्या पॅनेलच्या मोकळ्या भागात तो २६ येतो. फॅन लावूनसुद्धा! ड्राइव्हच्या स्वतःच्या हीटसिंकमध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) त्याचा छोटा फॅन दोन-तीन मीटर सेकंदाला फेकतो, तिथे हाच नंबर नगण्य. म्हणजे एकाच डब्यात एका कोपऱ्यात शुद्ध फोर्स्ड आणि वितीभर बाजूला जवळजवळ शुद्ध नॅचरल, आणि तू एका क्लिकने दुसरं मारून टाकलंस. ग्रॅव्हिटी चालू ठेवायला वेळ थोडा जास्त लागतो, बाकी काही जात नाही, चालूच ठेव.

प्रश्न : माझा नातू इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो फॅनने खोली गार होत नाही. मग मी काय इतकी वर्षं उगाच लावतेय का? (रावपुऱ्याच्या एक आजी)

उत्तर : आजी, नातू बरोबर बोलतो पण अर्धं. खोली गार होत नाही, फॅनची मोटर उलट थोडी गरमच करते. तुम्ही गार होता. अंगावर स्वतःच्या उष्णतेची एक पातळ हवेची गोधडी असते, फॅन ती उडवतो, आणि घाम वाळवतो. मात्र आत्ताच्या ४२ मध्ये हवाच कातडीपेक्षा गरम आहे, म्हणजे वारा अंगाला उष्णता देतोय, घेत नाही, तुम्हाला वाचवतोय तो फक्त घाम. म्हणून पाणी पीत राहा आणि दुपारी ओला पंचा अंगावर घ्या. नातवाला सांगा घामाचा टर्म त्याच्या समीकरणात राहिलाय.

प्रश्न : एमटेकचा प्रोजेक्ट आहे, एलईडीचा हीटसिंक, फॅन नाही, १०० मिमी उंच उभे फिन (पट्ट्या). दोन अडचणी. रेसिड्युअल (हिशोबात अजून उरलेली चूक) खाली जातच नाहीत, वरखाली नाचत राहतात. आणि फिन वाढवले, ३ मिमीवर एक असे केले, तर एलईडी जास्त गरम झाला! गाइड म्हणतात मेश चुकलंय. सॉफ्टवेअर चुकू शकतं का?

उत्तर : ताई, दुसरी अडचण ही अडचण नाही, तो तुझ्या प्रोजेक्टचा सगळ्यात चांगला रिझल्ट आहे, पुसू नकोस.

फॅन असता तर दाट फिन चालले असते, कारण फॅन हवेला ढकलून घुसवतो. इथे हवेला कोणी ढकलत नाहीये, ती फिनमुळे तापते म्हणून चढते, आणि चढताना फिनला चिकटून एक थर धरते. तुझ्या १०० मिमीच्या फिनवर ४० डिग्री फरक असेल तर वरच्या टोकाला तो थर १२ मिमीच्या आसपास जाड होतो. दोन समोरासमोरच्या फिनचे थर ३ मिमीच्या फटीत भेटले की मधली हवा दोन्हीकडून पकडली जाते, उत्तरायणच्या दिवशी मांडवीत गाडी घातल्यासारखं, पुढे जाता येत नाही. समांतर प्लेटसाठी चांगलं अंतर काढायचं एक सूत्र आहे, २.७१ गुणिले उंची भागिले रॅलेचं चौथं मूळ, तुझ्या आकड्यांना ते ७ मिमी देतं. ५, ७, ९ अशा तीन केस चालव, गाइडना ग्राफ दाखव, मधे खड्डा दिसला की ते मेशचं बोलणार नाहीत. अ‍ॅनोडाइज केलेलं आहे की कोरं तेही बघ, कोऱ्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची एमिसिव्हिटी ०.१ च्या खाली आणि अ‍ॅनोडाइज्डची ०.८ च्या आसपास, वर मकरपुऱ्याच्या दादाला सांगितलं तेच तुलाही लागू.

आता नाचणारे रेसिड्युअल. पहिलं म्हणजे घनता बघ. हवेची घनता स्थिर १.२२५ राहिली असेल तर ग्रॅव्हिटी असून नसून सारखी, गरम हवा हलकी होणारच नाही. बुसिनेस्क नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचं नाव असलेला पर्याय निवड, तो म्हणतो घनता सगळीकडे स्थिर धरा, फक्त वजनाच्या टर्ममध्ये तापमानाप्रमाणे बदलू द्या, हवेत तीस-चाळीस डिग्रीपर्यंत हे छान चालतं आणि पटकन कन्व्हर्ज होतं, म्हणजे उत्तर स्थिरावतं. फरक शंभरावर गेला तर आयडियल गॅस घे, म्हणजे घनता सगळीकडे तापमानाप्रमाणे बदलू दे. आयडियल गॅस घेतलास की संदर्भाची घनता खोलीच्या हवेची दे, ४२ डिग्रीला १.१२. तिथेही १.२२५ राहून गेलं तर, ती १५ डिग्रीची हवा असते, सॉफ्टवेअरला वाटतं तुझी अख्खी खोलीच हलकी आहे आणि मग उघड्या बाउंड्रीतून सगळी हवा धुराड्यासारखी वर पळत सुटते, एलईडी बंद असला तरी! ही चूक चित्रात सुंदर दिसते म्हणून जास्त वाईट. तपासायचं असेल तर एलईडी शून्य वॉट करून चालव, हवा हलली तर तू पकडलीस.

दुसरं, हीटसिंकभोवती मॉडेलमधला हवेचा डबा किती मोठा घेतलायस? वर जास्त जागा सोड, उंचीच्या चारपाच पट तरी, आणि बाजूने हवा आत यायला वाट ठेव, कितीतरी जण बाजूच्या भिंती बंद करतात आणि मग हवा वरूनच खाली यायचा प्रयत्न करते आणि भांडण लागतं. आणि हे सगळं करूनही थोडं नाचलंच तर नाचू दे. उदबत्तीचा धूर बघ ना, आधी एक रेघ सरळ, मग डुलायला लागतो, खोलीत वारा नसला तरी. जे खऱ्या आयुष्यात स्थिर नाही ते स्टेडी सॉल्व्हरने (वेळ न धरणाऱ्या हिशोबाने) स्थिर करून मागितलं तर तो चिडणारच. ट्रान्झियंट, म्हणजे वेळेप्रमाणे बदलणारा हिशोब, लाव, एलईडीच्या जंक्शनजवळ (जिथे उजेड आणि उष्णता तयार होते) एक मॉनिटर पॉइंट ठेव, आणि बघ की आत दिलेले वॉट आणि भिंतींतून बाहेर जाणारे वॉट सरासरीत जुळतायत का. ते जुळले आणि पॉइंट अर्ध्या डिग्रीत राहिला की झालं, रेसिड्युअल कितीही उड्या मारो.

प्रश्न : मी ट्रान्सफॉर्मर कंपनीत टेस्टिंगला होतो, आता रिटायर. भाचा ओनॅन (ऑइल नॅचरल, एअर नॅचरल, म्हणजे तेल आणि हवा दोन्ही आपोआप फिरणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरचं सिम्युलेशन करतो, त्याच्याकडे वरच्या आणि खालच्या तेलात फरक फारच कमी येतो, आमच्या टेस्ट फ्लोअरला कधीच एवढा कमी यायचा नाही. त्याने कुठे घोळ घातला असेल?

उत्तर : साहेब, पहिला संशय तेलाच्या व्हिस्कॉसिटीवर, म्हणजे घट्टपणावर. भाच्याने एकच आकडा टाकला असणार, आणि बहुतेक गरम तेलाचा. हवेला तसं चालून जातं, तेलाला नाही. ट्रान्सफॉर्मर ऑइल ४० डिग्रीला जास्तीत जास्त १२ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) चालतं, ८०-९० ला ते तिसऱ्या हिश्श्यावर येतं, म्हणजे रेडिएटरच्या तळाशी निवलेलं तेल घट्ट आणि वाइंडिंगच्या (तारेच्या वेटोळ्यांच्या) डोक्यावरचं पातळ. गरम तेलाचाच आकडा सगळीकडे दिला की मॉडेलमध्ये तेल पाण्यासारखं धावतं, आणि धावलं की वरखाली फरक राहतच नाही. तापमानाप्रमाणे व्हिस्कॉसिटीचं टेबल टाकायला सांगा, दहा ओळींचं काम आहे.

दुसरं, रेडिएटरची उंची. तेलाला पंप नाही, वाइंडिंगचा मध्य खाली आणि रेडिएटरचा मध्य वर असला की मगच ते फिरतं. मॉडेलमध्ये त्याने रेडिएटर पन्नास मिलिमीटर इकडेतिकडे केला असेल तर फ्लो बदलतो, ड्रॉइंगवरून मोजून बघा.

आणि पुढे तो फॅन लावून ओनॅफ (एअर फोर्स्ड) करेल तेव्हा त्याला आत्ताच सांगून ठेवा की त्यात नुसतं शेवटचं अक्षर बदलतं. पहिली दोन अक्षरं तेलाची, ते ओ आणि एन तसंच राहतं, म्हणजे बाहेर हवा फोर्स्ड आणि आत तेल नॅचरल, एकाच पत्र्याच्या दोन बाजूंना. तेलाच्या बाजूची ग्रॅव्हिटी तो बंद करणार, मला माहीत आहे, सगळे करतात. तुमच्या जुन्या टेस्टच्या वह्या घरात असतील तर त्याला द्या, पण ज्यात टॉप आणि बॉटम ऑइल दोन्हीची रीडिंग दर तासाला लिहिलीत अशाच.